सुमेधा घरी येईपर्यंत

मार्गशीर्षातल्या गुरुवारांची पोथी दरवर्षी पूजेच्या सामानासोबत नवी येते. जुनी घरात असतेच. पण तिच्यावर देवीचं चित्र, म्हणून रद्दीत घालवत नाही, नि एकाच कथेच्या अकरा पोथ्या वाचून तरी काय करायच्या? देवघराखालच्या कप्प्यात त्या एकावर एक साठत राहतात. आमच्या दुपारच्या बैठकीचे किस्सेही तसेच साठलेत. टाकवत नाहीत, म्हणून आज काही काढून बसले आहे.

बैठक म्हणजे फार काही नाही. रिठदला आमच्या घरच्या पुढच्या खोलीत रोज एक ते तीन टीव्ही चालतो. आदल्या संध्याकाळचे भाग दुपारी पुन्हा दाखवतात, ते बघायला चार जणी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. समोरच्या शोभाताई, अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. गल्लीच्या टोकाला ब्लाउज शिवणारी पुष्पा. आणि मी. आत्याबाई संध्याकाळीही बघतात नि दुपारीही. मी एकदा विचारलं, “काल पाहिलंत ना सगळं?” तर म्हणाल्या, “काल लय रडली थे. आज जरा सावरली असंन तं पाहू.”

* * *

सीरियल एकच असली तरी चौघी चार वेगळ्या सीरियली बघतात.

पुष्पा फक्त ब्लाउज बघते. एका भागात थोरल्या जावेचा नवरा गेला. सगळं घर आक्रोश करत होतं. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला होता. पुष्पा टीव्हीजवळ सरकली आणि म्हणाली, “काकू, पाठीची डोरी पाहा कशी लावली. शिलाई दिसूनच नाई राह्यली.”

शोभाताईंना प्रश्न एकच पडतो, “हे पोलिसात काहून जात नाई?” विष घातलं, पोलिसात काहून जात नाई. घराची कागदं चोरली, पोलिसात काहून जात नाई. एकदा खरंच पोलीस आले, आणि त्यांनी चुकीच्या माणसाला नेलं. शोभाताई हिरमुसल्या. दोन दिवस आल्याच नाहीत.

माझी खोड निराळी. सीरियल चांगली की वाईट हे मी भांड्यांवरून ठरवते. वीस माणसांचं घर, रोज पंगत, आणि भांडी घासताना कुणी दिसत नाही, तर त्या घराच्या सुखदुःखावर माझा विश्वास बसत नाही. दुसरं म्हणजे उपास. आमच्या आवडत्या सीरियलमधल्या सुमेधानं हरतालिकेला पूजेआधीच दूध-केळं घेतलं. माझा जीव दिवसभर थाऱ्यावर नव्हता. अमरावतीला नर्सिंग करणाऱ्या माझ्या केतकीला फोन केला, तर ती हसली. “आई, ते शूटिंग असतं गं.”

मी म्हटलं, “शूटिंगच्या ठिकाणी सांगायला एकही सासू नसते?”

* * *

सुमेधाची सीरियल असं आम्ही म्हणतो. सीरियलचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. आमच्याकडे सीरियल बाईच्या नावानंच ओळखतात. या सुमेधावर माझाही जीव होता, कारण सुरुवातीला ती तांदूळ तीन पाण्यांनी धुवायची आणि ते पाणी झाडाला घालायची. पुढे तिला चकचकीत ओटा आणि चिमणी मिळाली, तिथून गोष्ट घसरली असं माझं मत आहे.

घसरता घसरता श्रावणात एक भाग आला. देवीचा चांदीचा मुखवटा चोरल्याचा आळ घेऊन धाकट्या जावेनं सुमेधाला घराबाहेर काढलं. ती पावसात उंबऱ्याबाहेर उभी आणि आतून कडी लागली.

आत्याबाई उठल्या. टीव्ही तसाच चालू ठेवून देवघरापाशी गेल्या, हात जोडले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, “सुमेधा आपल्या घरात येईस्तोवर मी रातचं जेवनार नाई.”

पुष्पाच्या हातातली सुई थांबली. शोभाताई माझ्याकडे बघायला लागल्या.

आत्याबाई चौऱ्याहत्तरच्या. शुगर आहे. रिसोडच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, “आजी, रात्रीची गोळी जेवणासोबतच. उपाशीपोटी नाही.” मी ते हळूच आठवून दिलं. त्या म्हणाल्या, “गोळीसंगं दूध घेईन. दूध काई जेवन नाई.”

नवस कशासाठी, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या नवसाचं कारण विचारू नये. मनात मी फार घाबरलेही नाही. मी इतकी वर्षं सीरियली बघते आहे. घराबाहेर पडलेली बाई सणाला परत येते, हा माझा अनुभव. आमच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, जवळच होत्या. म्हटलं, तेवढ्यात येईलच.

* * *

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. सुमेधा आली नाही. ती कुठल्याशा आश्रमात मुलांना गाणी शिकवत बसली.

तिकडे आत्याबाईंचं पातळ सैल व्हायला लागलं. रोज संध्याकाळी ताट वाढून झालं की त्या आपला दुधाचा पेला घेऊन तुळशीपाशी जाऊन बसायच्या. यांना घास गिळवेना. हे म्हणजे माझे यजमान. शेवटी एकदा बोललेच, “माय, थे सारं खोटं असते. लिहून देते कोनी, अन् थे बोलते.”

“मले काय मालूम नाई?” आत्याबाई म्हणाल्या. “सुमेधा खोटी हाय. पन मी देवासमोर बोलली, थे तं खरं हाय न.”

यांनी ताट पुढे ओढून घेतलं. मी तर या बाबतीत आत्याबाईंच्याच शाळेतली.

मग मी केतकीला चॅनेलचा ई-मेलचा पत्ता शोधायला लावला आणि तिच्याकडून पत्र पाठवलं. मजकूर माझा. “स. न. वि. वि. आपली मालिका आम्ही नियमाने बघतो. विनंती अशी की सुमेधास नवरात्राच्या आत तिच्या घरी आणावे. आमच्या घरातील वृद्ध व्यक्तीच्या रात्रीच्या गोळीचा प्रश्न आहे.” केतकीनं विचारलं, “आई, हे असंच पाठवू?” म्हटलं, “असंच. पाहिजे तर हरतालिकेचंही लिही.”

दुसऱ्याच मिनिटाला उत्तर आलं. केतकीनं फोनवर वाचून दाखवलं, “आपल्या प्रेमाबद्दल आभार. पाहत राहा.”

आत्याबाई शेजारीच बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “पाहूनच तं राह्यली मी.”

* * *

पॉडकास्ट आमच्याकडे आलं ते लाइन जाते म्हणून. ऐन वेळी वीज गेली की टीव्ही बंद, चौघी अंधाऱ्या पडद्याकडे बघत बसलेल्या. केतकी सुट्टीला आली होती, तिनं माझ्या फोनवर ते लावून दिलं. “याला लाइन लागत नाही. नुसतं ऐकायचं.”

त्यात एक सावकाश बोलणारी बाई आहे. साध्यासुध्या माणसांच्या खऱ्या गोष्टी सांगते. मध्येच थांबते, पाणी पिते, पेला ठेवल्याचा आवाजही येतो. मला ती फार आवडते. टीव्हीवरची माणसं बोलताना वीज कडाडते, ही बोलताना घरातलं कुणी बोलल्यासारखं वाटतं.

पहिल्या दिवशी तिनं सुरुवातीला म्हटलं, “नीट बसा, शांतपणे ऐका.” झालं. आत्याबाईंनी पाय दुमडून घेतले, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडे हात केला. मी तांदळाचे चार दाणे दिले. मीही घेतले. नुसतं ऐकायचं म्हटल्यावर आम्हाला कहाणीच माहीत. हातात अक्षता नकोत? पुष्पानंही घेतले.

गोष्ट होती एका भाजीवालीची, जिनं पन्नाशीत सायकल शिकली. ती संपली. आत्याबाईंनी अक्षता फोनवर वाहिल्या आणि विचारलं, “परसाद काय केला?”

शोभाताई बौद्ध. त्यांच्या घरी वंदना होते, नवस-उपास नाहीत. त्या हसू दाबत म्हणाल्या, “मावशी, भाजीवालीची गोष्ट हाय. हिले निवद नाई लागत.”

“मंग ऐकनाऱ्यायनं उपाशी जाव काय?” आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पॉडकास्टनंतर गूळ-शेंगदाणे वाटतात. शोभाताईंच्या आवडीचं पोलीस केसेसचं एक पॉडकास्ट आहे. परवा त्यात एक खून झाला, त्यावरही वाटले. शोभाताईंनी दोनदा घेतले.

* * *

त्या सावकाश बोलणाऱ्या बाईच्या पायी शेलूबाजारच्या जीपमध्ये एक गंमत झाली.

माझी थोरली बहीण तिथे असते. वाशिमहून जीपनं निघाले. कानात घालायची वायर घरी राहिली, म्हणून फोन बारीक आवाजात कानाशी धरला. शेजारची बाई म्हणाली, “आमालेबी ऐकू द्या की.” मी आवाज वाढवला. गोष्ट अशी, की एका बाईचा भाऊ लहानपणी जत्रेत हरवला. तीस वर्षांनी कुणीतरी पत्ता दिला, आणि ती त्या गावाला निघाली. पॉडकास्टवाली बाई सावकाश सांगत होती, आणि जीपमधले पंधरा जण गप्प होत गेले.

शेलूबाजार आलं तेव्हा गोष्टीतली बाई भावाच्या दारात उभी होती. मी उतरायला पिशवी उचलली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाला, “मावशी, बसा. त्यानं दार उघडलं काय, थे तं कळू द्या.”

बाहेर माझी बहीण उभी. ती खिडकीतून विचारतेय, “उतरत काहून नाई व?” आणि आतून सगळे तिला गप्प राहायची खूण करताहेत.

दार उघडलं. भावानं ओळखलं. मागच्या बाकावरच्या फेटेवाल्या आजोबांनी डोळे पुसले, खाली उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, “हे कोनतं गाव होय बापा? माह्यं तं मांगंच गेलं.”

ड्रायव्हर म्हणाला, “बसा आजोबा. वापस जातो तं सोडतो.”

* * *

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सुमेधा आश्रमातून निघाली. हातात पिशवी, डोळ्यांत पाणी. आत्याबाई सरसावून बसल्या. सुमेधा एका वाटेवर आली, लांबवर घर दिसत होतं. ती थांबली. मागून कुणाचा तरी आवाज आला, की प्रवास कधी संपत नाही. आणि पडद्यावर सगळ्या कलाकारांचा एकत्र फोटो आला, खाली धन्यवाद.

सोमवारी त्या वेळेला स्वयंपाकाची स्पर्धा सुरू झाली.

माझं यावर स्पष्ट मत आहे. कुणाला घराबाहेर काढलंत तर परत आणण्याइतके भाग हाताशी ठेवावेत. नसतील तर काढू नये.

पुष्पा म्हणाली, “आजी, घर दिसूनच राह्यलं होतं. पाच मिनटाची वाट असंन. गेलीच असंन थे.”

“दिसनं अन् जानं एक हाय काय?” आत्याबाई म्हणाल्या.

महिन्याभरात तीच नटी दुसऱ्या चॅनेलवर दिसली, फौजदाराच्या वर्दीत. शोभाताई धावत आल्या. त्यांच्या दृष्टीनं सगळेच प्रश्न सुटले होते. “मावशी, चला, पाहा. सुमेधा पोलिसात लागली. सरकारी नोकरी, क्वार्टर भेटन, कोनाच्या दारात उभं राहाची गरज नाई. सोडा आता थो उपास.”

आत्याबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “चांगलं झालं. पन शोभा, मी ‘नोकरी लागेस्तोवर’ असं नोती बोलली.”

* * *

त्यानंतर आठवड्याभरात आत्याबाई तुळशीपाशी पेला घेऊन गेल्या आणि उठताना बसल्या त्या बसूनच राहिल्या. हात थरथरत होता, अंगाला घाम. शोभाताईंनी साखर तोंडात घातली, यांनी उचलून आत आणलं. दुसऱ्या दिवशी रिसोडला नेलं. डॉक्टर मला म्हणाले, “ताई, असं पुन्हा झालं आणि घरात कुणी नसलं तर? रात्रीचं जेवण द्याच.”

“डॉक्टरसाहेब,” मी म्हटलं, “त्यांचा नवस आहे.”

“कसला?”

मला सांगता येईना. शोभाताईंनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “ती मालिका बंद झाली ना पण?”

“तोच तं घोर हाय,” शोभाताई म्हणाल्या.

परत येताना मी सगळी वाट विचार करत होते. खोटं बोलून त्यांना जेवू घालायचं माझ्यानं झालं नसतं. पण आमच्यात एक रीत आहे. घरातल्या म्हातारीच्या अंगानं व्रत झेपेनासं झालं की ते सुनेला देतात. आत्याबाईंच्या एकादश्या माझ्याकडे अशाच आल्या. मग हे का नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट मांडला. आत्याबाई तयार होईनात. “तुले तं थे चिमणीवाली सुमेधा आवडत नोती.”

“आवडीचा काय संबंध? एकादशी काय आवडते म्हणून करते मी?”

त्यांनी माझ्या ओंजळीत तांदूळ-सुपारी ठेवली, वरून पळीभर पाणी सोडलं आणि देवाला म्हणाल्या, “माह्या सुनंच्या पदरात टाकलं. तिले सांभाळजो.”

त्या संध्याकाळी अडीच महिन्यांनी आत्याबाई ताटावर बसल्या. आणि मी पेला घेऊन तुळशीपाशी.

शोभाताई गेटातून बघत होत्या. म्हणाल्या, “सुनंदा, असं किती दिवस? थे सीरियल आता सात जन्मात चालू नाई होत.”

मी म्हटलं, “बघू. कधीकधी दुसरा भाग काढतात.”

* * *

मला एक सांगायला हवं, मी दिवसभर राबणारी, मला भूक लागते. पहिले दोन दिवस काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना हात जड झाले. पण आत्याबाई ताटावर बसल्या की माझ्याकडेच बघायच्या. पहिल्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या, नंतर एक, नंतर अर्धी. गोळी घ्यायच्या आणि हात धुवायच्या. हे कुणाकडेच न बघता जेवायचे.

सहाव्या दिवशी मी शोभाताईंकडून वाटीभर दही आणायला गेले होते. परत आले तर पुढच्या खोलीत टीव्ही बंद, दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात रांगोळीची दोन बोटं ओढलेली. आत्याबाईंनी चुलीपुढे पाट मांडले होते. दोन. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या, सगळं वाढून ठेवलेलं. त्या वयात, त्या गुडघ्यांनी.

“बस,” त्या म्हणाल्या.

“आत्याबाई, माझं...”

“आली थे.”

“कोण?”

“सुमेधा. आज दुपारी आली.”

मी दह्याची वाटी तशीच धरून उभी राहिले. सीरियल संपून महिना उलटला होता, आणि दुपारी एकपासून चारपर्यंत गावात लाइन नव्हती. बाराला मीच फोन चार्जिंगला लावला होता, तो अर्ध्यातच राहिला.

“कुठे पाहिलीत?”

“माह्या डोयानं पाह्यली. उंबऱ्यात उभी केली, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पानी घातलं, अन् घेतली आत.” त्यांचा आवाज सरळ होता. देवापुढे बोलतात तसा.

हे दारात येऊन उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिसरा पाट घ्यायला आत गेले.

मी आत्याबाईंना विचारलं, “कशी होती?”

“वाळली लय. चालून चालून.” त्यांनी माझ्या भातावर तुपाची वाटी रिकामी केली. “जेव आता. तिनंबी पोटभर खाल्लं.”